धक्का गॅरेज

मिस्त्री, तुम्हाला जाऊन अठरा वर्षं झाली, आणि या अठरा वर्षांत मी तुमची आठवण काढली ती बहुतेक वेळा चारचौघांना हसवायला. बोनेटवर टाकायच्या आधी तो मळका टॉवेल दोनदा झटकायची तुमची पद्धत, 'येडा हायेस का?' म्हणताना वर जाणारी डावी भुवई, सगळं मला हुबेहूब जमतं. चहाच्या टपरीवर, लग्नाच्या पंगतीत, कंपनीच्या ट्रेनिंगला गेलो तेव्हा हॉस्टेलवर, मी तुमची नक्कल पुष्कळदा केली आणि टाळ्याही घेतल्या. आज मात्र भर दुपारी शटर अर्धं खाली ओढून, जॉबकार्डाच्या कोऱ्या बाजूवर तुम्हाला लिहायला बसलोय. गेल्या आठवड्यात असं काही घडलं की मला स्वतःची लाज वाटली, आणि लाजेपेक्षा कितीतरी जास्त तुमचं आश्चर्य वाटलं. ते आश्चर्य अजून उतरलेलं नाही. बाहेर माझी माणसं एका गाडीची चाकं काढताहेत आणि मालक आत बसून काय खरडतोय म्हणून मधूनमधून वाकून बघताहेत. बघू देत.

तुमच्याकडे आलो तेव्हा मी एकवीस वर्षांचा होतो. बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षात दोनदा गटांगळी खाल्ल्यावर वडिलांनी माझ्यापुढे हात टेकले. ते एकलहऱ्याच्या वीज केंद्रात नोकरीला, तुम्हीही तिथल्याच गाड्या दुरुस्त करून निवृत्त झालेले आणि मग नाशिकरोडहून एकलहऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर पत्र्याचं गॅरेज टाकून बसलेले. त्या ओळखीवर मला तुमच्या हवाली केलं गेलं. शेडमध्ये दाटीवाटीनं पाच गाड्या मावायच्या. रात्री त्या आत घालायच्या आणि सकाळी बाहेर काढायच्या, त्याशिवाय आत पाना फिरवायला जागा नाही. हे सगळ्याच गॅरेजांत चालतं. फरक एवढाच की बाकीचे लोक किल्ली फिरवतात, गाडी चालू करतात आणि बाहेर काढतात. तुमच्याकडे सकाळी किल्ली फिरवायला सक्त मनाई. 'ढकला.' एवढंच म्हणायचात. एकानं उघड्या दारातून स्टेअरिंग धरायचं, दोघांनी मागून छाती लावायची, आणि रस्त्याकडे चढ. थंडीच्या दिवसांत एकलहऱ्याच्या चिमण्यांचा धूर वर जाताना दिसत असायचा आणि आमच्या तोंडातूनही तसाच धूर निघायचा. समोरचा टायरवाला आम्हाला 'धक्का गॅरेज' म्हणायचा, आणि हळूहळू गिऱ्हाइकंही पत्ता सांगताना तेच नाव सांगायला लागली.

तुम्ही असं का करता यावर आम्हा तिघा कामगारांत तीन मतं होती. एक म्हणायचा, म्हातारा चिक्कू आहे, पेट्रोल वाचवतो. दुसरा म्हणायचा, मागच्या खोलीत काकू झोपलेल्या असतात, त्यांना आवाजाचा त्रास नको म्हणून. माझं मत असं की तुम्ही तरुणपणी तालमीत जायचात, ती हौस आता आमच्याकडून भागवून घेताय. तुम्हाला विचारायची टाप कुणाचीच नव्हती. आज वाटतं, विचारलं असतं तर तुम्ही सांगितलं असतं. पण एकविसाव्या वर्षी माणसाला स्वतःचं मत असलं की पुरे होतं.

डिसेंबरातली एक सकाळ मला अगदी लख्ख दिसते. बाकीचे दोघे आलेले नाहीत. माझी पाठ धरलेली. दारातच आदल्या दिवशी आलेली एक कार उभी, आणि ती हलवल्याशिवाय मला काहीच करता येणार नाही. तुम्ही मागच्या खोलीत, स्वयंपाकघरात, चुलीपुढे चहा घेताय. मी इकडेतिकडे बघतो आणि सेल्फ मारतो. गाडी थरथरते, खोकते, मग चालू होते, आणि मी ती रुबाबात रस्त्यावर नेऊन पाच मिनिटं तशीच चालू ठेवतो, कारण बंद पडली तर पुन्हा ढकलावी लागेल. तुम्ही चहाचा ग्लास हातात घेऊनच बाहेर येता. मला वाटतं आता ग्लास डोक्यात बसणार. पण तुम्ही ग्लास खाली ठेवता. बोनेटवर तळवा ठेवता, तसाच ठेवून उभे राहता, आणि म्हणता, "गेला हिचा आजचा दिस."

"मिस्त्री, पाचच मिनिटं चालवली," मी म्हणतो.

"पाच मिनिटातच समदं गेलं. येडा हायेस का? बंद कर ती."

गाडीचा मालक दहा वाजता आला तेव्हा तुम्ही त्याला उद्या यायला सांगितलंत. तो चिडला, गाडीला हात तरी लावून बघा म्हणाला. तुम्ही हात लावला नाही. दिवसभर माझ्याशी बोललाही नाहीत. संध्याकाळी काकूंनी मला आत बोलावून भाकरी आणि शेंगदाण्याची आमटी वाढली, आणि मी मान खाली घालून जेवत असताना तुम्ही समोरच्या पाटावर येऊन बसलात. "गाडीला काय दुखतंय, ते ती उठल्या उठल्या सांगती," तुम्ही म्हणालात. "मंग ती बी कामाला लागती अन् आपल्यावानी इसरून जाती. दिसभर इचार, नाय सांगत." मी 'हो' म्हटलं आणि आमटी ओरपली. मिस्त्री, हेच ते वाक्य. याच वाक्यावर मी पुढे सगळ्यात जास्त टाळ्या घेतल्या. गाडीला उठवणारा, गाडीची चौकशी करणारा म्हातारा म्हणून.

तुमचं कौतुक मला अजिबात नव्हतं असं नाही. येवल्याचे ते पैठणीवाले शेठ आठवतात? त्यांची कार रोज सकाळी मिसिंग मारायची, चौकात बंद पडायची आणि दहा मिनिटांनी शहाण्यासारखी चालायची. तीन मिस्त्रींनी तिचा कार्बोरेटर उघडून झाला होता. तुम्ही ती रात्रभर ठेवून घेतलीत, सकाळी आमच्याकडून रस्त्यावर ढकलून घेतलीत, आणि मग चालू केलीत. सबंध गाडी हिवताप आल्यासारखी हलत होती. तुम्ही खिशातून हातभर रबरी नळी काढलीत, एक टोक कानाला लावलंत आणि दुसरं टोक इंजिनावर इंच इंच फिरवायला लागलात. "मिस्त्री फोन लावतायत," आमच्यातला एक जण कुजबुजला आणि मी तोंड दाबून हसलो. एका जागी तुमचा हात थांबला. तुम्ही ग्लासातल्या पाण्यात बोट बुडवलंत आणि तिथल्या जोडावर एक थेंब सोडलात. आमच्या डोळ्यांदेखत तो थेंब आत गेला, आणि तेवढ्या एका क्षणापुरता इंजिनाचा आवाज सरळ झाला. "पिली बघ," तुम्ही म्हणालात. कार्बोरेटरखालचं पॅकिंग बदललंत आणि गाडी येवल्याला गेली. मी थक्क झालो होतो. पण मी थक्क झालो ते तुमच्या कानावर. हा कान जन्मतः मिळतो, आपल्याकडे तो नाही, असं ठरवून मी मोकळा झालो. ती गाडी आपण ढकलून बाहेर काढली होती, याच्याशी त्या थेंबाचा काही संबंध असेल हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही.

पाच वर्षांनी मी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला लागलो. निघताना तुम्ही तसलीच एक नळी माझ्या हातात दिलीत. मला इस्त्रीचा निळा युनिफॉर्म मिळणार होता, संगणकावर गाडीचं दुखणं दिसणार होतं, आणि तुम्ही मला नळी देताय! मी ती घेतली, पाया पडलो, आणि घरी तिचा उपयोग कूलरमध्ये पाणी भरायला केला. मग ती कुठे गेली कुणास ठाऊक. पुढे चार वर्षांनी तुम्ही गेलात तेव्हा मी आलो होतो, काकूंना भेटलो, थोडा वेळ शेडमध्ये उभा राहिलो. रडू आलं नाही. नंतर मी जेलरोडला स्वतःचं गॅरेज काढलं, स्कॅनर घेतला, लिफ्ट बसवली. धंदा चांगला चालतो. जेलरोडला माझं नाव आहे, हे मी तुम्हाला फुशारकीनंच सांगतोय.

आता गेल्या महिन्यातली गोष्ट. आमच्या भागात एक मॅडम राहतात, शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांच्या यजमानांचं आठवड्यातून तीनदा डायलिसिस असतं, पहाटे सहाची पाळी, नाशिकच्या द्वारका चौकापलीकडच्या दवाखान्यात. साडेपाचला भाड्याची गाडी येते म्हणते आणि येत नाही, मुलगा परदेशी, म्हणून मॅडम स्वतः चालवतात. बारा वर्षं जुनी, पेट्रोलवरची छोटी कार. तिला नेमकं तेच दुखणं जडलं. पहाटे चालू केली की थरथरायची, आचके द्यायची, सिग्नलला पाय काढला की बंद. एका पहाटे ती द्वारकेच्या चौकात, मधोमध बंद पडली. मागे मालेगावकडून आलेला ट्रक हॉर्न देतोय, शेजारी यजमान माकडटोपी घालून बसलेले, आणि मॅडम सेल्फवर सेल्फ मारताहेत. त्या दिवशी ते कसेबसे पोचले. पण घरी आल्यावर यजमान म्हणाले, "माझ्यापायी तू एखाद्या दिवशी ट्रकखाली जाशील. जाऊ दे, नको आता हे." आणि तेव्हापासून गाडीनं आचका दिला की ते म्हणायला लागले, आज राहू दे. मॅडमनी हे मला पहिल्याच भेटीत सांगितलं, चष्मा पुसत. त्या म्हणाल्या, "त्यांना कारण हवंच होतं हो. तुमच्या हातात आहे ते काढून घेणं."

मी म्हटलं, काळजीच करू नका. प्लग बदलले, थ्रॉटल बॉडी साफ केली, सकाळी दहाला चालू करून बघितली, लोण्यासारखी चालली. मॅडम घेऊन गेल्या. तिसऱ्या दिवशी परत. मी इंजेक्टर साफ केले, रात्रभर ठेवून घेतली, सकाळी चालू केली, झकास. पुन्हा परत. मग मी इंजिनाचं तापमान मोजणारा सेन्सर बदलला, कारण पुस्तकात तो पहिल्या पानावर आहे. पुन्हा रात्रभर ठेवली, सकाळी स्कॅनर लावला, सगळं हिरवं. मॅडमनी एक वहीसुद्धा करून आणली होती. कोणत्या वारी, किती वाजता, किती मिनिटं गाडी थरथरली, सगळं रकाने आखून. 'पहिली चार मिनिटं' असं त्यात अनेकदा लिहिलेलं होतं. मी ती वही चाळल्यासारखं केलं आणि परत दिली. गणिताच्या बाईंना इंजिनातलं काय कळतंय, असं मनात म्हटलं. खरं ते सांगतो.

मग गेल्या आठवड्यात त्यांचा फोन आला. आवाज चढलेला नव्हता, उलट फार खाली होता. "आज ते गेले नाहीत," त्या म्हणाल्या. "गाडी दोनदा बंद पडली, ते उतरले, आत जाऊन झोपले. पाय सुजलेत. परवाची पाळी चुकली तर डॉक्टर म्हणतात, ॲडमिट करावं लागेल." मी काहीतरी बोलायला लागलो, तर त्या म्हणाल्या, "तुमच्याकडे ती नीट चालते. माझ्याकडे चालत नाही. म्हणजे मी खोटं बोलते का?" मला ते झोंबलं. मी म्हटलं, परवा पहाटे सव्वापाचला मी स्वतः येतो तुमच्या दारात. मिस्त्री, मी मदत करायला गेलो नव्हतो. मी त्यांची चूक पकडायला गेलो होतो. मला खात्री होती की बाई क्लच अर्धवट सोडतात.

ठरलेली ती पहाट उजाडली. निफाडकडे पारा इतका उतरला होता की सगळीकडे त्याचीच चर्चा, आणि आमच्याकडेही बोटं वळत नव्हती. गाडीच्या काचेवर दव जमून वाहत होतं. यजमान शाल गुंडाळून पायरीवर बसले होते. "आलात का," ते म्हणाले, "बघा, पण फार त्रास घेऊ नका. आज तसंही मला नको वाटतंय." मॅडमनी किल्ली फिरवली. क्लचचा काही प्रश्नच नव्हता, पाय जमिनीवर होता. आणि ती गाडी, जी माझ्याकडे तीनदा लोण्यासारखी चालली होती, माझ्यासमोर अशी हलायला लागली की आरशाला लटकवलेली माळ नाचायला लागली. ही गाडी मी आयुष्यात पहिल्यांदाच बघत होतो. तीन वेळा माझ्याकडे आलेली ती दुसरीच कुणीतरी होती.

का, ते मला त्याच क्षणी कळलं. माझी माणसं साडेआठला येतात. शटर उघडतात, आतल्या सगळ्या गाड्या एकेक करून चालू करतात, रस्त्यावर काढून ओळीनं लावतात, झाडलोट करतात, उदबत्ती लावतात. थंडीत तर गाडी जरा गरम होऊ दे म्हणून मुद्दाम चालू ठेवतात. मी दहाला येतो. म्हणजे रात्रभर ठेवून घेतलेली ती थंड गाडी तीनही वेळा माझ्या हाती आली ती जागी होऊन, तोंड धुऊन, नाश्ता करून. पुढे मी स्कॅनरमध्ये साठवलेला आकडा काढून बघितला. मी ज्याला थंड म्हणत होतो त्या इंजिनाचं पाणी एकसष्ट अंशावर होतं. तो आकडा माझ्या नाकासमोर होता. मी दोष दाखवणारा कोड शोधत होतो, म्हणून आकडा दिसला नाही. त्या अंगणात, त्या थंडीत, मला तुमचा बोनेटवर ठेवलेला तळवा दिसला. 'पाच मिनिटातच समदं गेलं.' पाच वर्षं रोज सकाळी आम्ही छातीनं ज्या गाड्या ढकलल्या, त्या चिक्कूपणासाठी नव्हत्या, काकूंच्या झोपेसाठी नव्हत्या, आमची तब्येत सुधारण्यासाठी तर मुळीच नव्हत्या. तुम्ही त्यांचं दुखणं सांडू देत नव्हता.

पण चार मिनिटं चालू झाली होती. मॅडमच्या वहीतली चार मिनिटं. मी बागेला पाणी घालायची त्यांची नळी उचलली, खिशातल्या चाकूनं हातभर कापली, विचारलंसुद्धा नाही, आणि कानाला लावली. पायरीवरून यजमान म्हणाले, "हे काय?" मी हातानंच थांबा म्हटलं. पहिल्यांदा नुसता गोंगाट. मग इंजिनाच्या मागच्या बाजूला, जिथून हवा आत वाटली जाते त्या प्लास्टिकच्या मॅनिफोल्डच्या जोडापाशी, तिसऱ्या सिलिंडरजवळ, एक बारीक सुस्कारा ऐकू आला. दात आवळून श्वास ओढल्यासारखा. मिस्त्री, मला तो ऐकू आला! माझ्याकडे तो कान नाही असं धरून मी सत्तावीस वर्षं जगलो, आणि कान होता. फक्त तो वेळेवर तिथे न्यायला हवा होता. मी काचेवरच्या दवात बोट ओढलं आणि एक थेंब त्या जोडावर सोडला. थेंब गेला. गाडी एक श्वासभर सरळ चालली आणि पुन्हा थरथरायला लागली. मी दुसरा थेंब टाकला, तोही गेला. मॅडम दार उघडून माझ्या बाजूला येऊन उभ्या राहिल्या होत्या, त्यांनीही बघितलं.

आणि मग जे बघितलं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. इंजिन तापत गेलं तसतसा तो सुस्कारा बारीक होत गेला. मी नळी हलवली नाही, श्वासही घेतला नसेन. तो आणखी बारीक झाला, तुटक झाला, आणि बंद झाला. गाडीची थरथर थांबली. मी पुन्हा एक थेंब टाकला, तो जोडावर तसाच राहिला, गोल, आणि हळूहळू वाळून गेला. जुनं पॅकिंग थंडीत आखडून केसाएवढी फट पाडत होतं आणि गरम झालं की फुगून तीच फट बुजवत होतं. थंड इंजिनाला आधीच पेट्रोल जास्त लागतं, त्यात ही आगंतुक हवा. म्हणून आचके. पाच मिनिटं उशिरा आलो असतो तर मला पुन्हा एक निरोगी गाडी मिळाली असती आणि मी मॅडमना क्लच शिकवून परत गेलो असतो. एवढं मोठं लोखंडाचं यंत्र रोज पहाटे चार मिनिटं आपलं खरं सांगतं आणि मग दिवसभर तोंड मिटून घेतं, हे तुम्हाला कसं कळलं हो? तुमच्याकडे स्कॅनर नव्हता, पुस्तक नव्हतं. तुम्ही सातवी शिकलेले. कुठल्या सकाळी, कुठल्या गाडीपुढे उभं राहून तुम्हाला हे उमजलं, ते आता कुणालाच माहीत नाही.

त्या पहाटे मी मॅडमना म्हटलं, आता ती गरम आहे, निघा, मी मागेच आहे. यजमान उठेनात. मी त्यांना म्हटलं, "काका, बंद पडली तर मी ढकलत नेईन, पण चला." ते थोडे हसले आणि बसले. दवाखान्यापर्यंत मी मोटारसायकलवर त्यांच्या मागे होतो, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, वाऱ्यानं आणि थोडं इतर कारणानंही. दुपारी गाडी माझ्याकडे आणली. मॅनिफोल्ड उतरवला तर रबराचं पॅकिंग नखानंही दबत नव्हतं इतकं कडक झालेलं, आणि तिसऱ्या सिलिंडरच्या कडेला धुळीची एक काळी रेघ, हवा जिथून आत शिरायची तिथे. मी ती रेघ माझ्या माणसांना बोलावून दाखवली. नवं पॅकिंग बसवलं, बोल्ट मधल्यापासून सुरू करून कडेपर्यंत, थोडे थोडे, आलटून पालटून आवळले, तसं तुम्ही शिकवलं होतं. मग गाडीची किल्ली खिशात घालून घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी सातलाच जाऊन बसलो. साडेआठला माझा जुना माणूस आला, म्हणाला, "शेठ, किल्ली द्या, बाहेर काढतो."

"ढकल," मी म्हटलं.

"सेल्फ मारतो ना. बॅटरी बसलीय का?"

"बॅटरीला काय धाड भरलीय. ढकल."

ते चौघं एकमेकांकडे बघायला लागले. त्यांची मतं पुढे काय बनतील ते मला माहीत आहे. पण मी तुमच्याइतका गप्प राहू शकलो नाही, तिथेच पाच मिनिटं भाषण दिलं. मग गाडी रस्त्यावर आली, मी तळवा बोनेटवर ठेवला, बर्फासारखं गार, आणि किल्ली फिरवली. ती पहिल्या सेल्फला उठली आणि जागच्या जागी स्थिर उभी राहिली.

काल पहाटे त्यांची पाळी होती. माझं काही काम नव्हतं तरी मी गेलो. मॅडमनी गाडी चालू केली. यजमान पायरीवर बसून ऐकत होते. एक मिनिट झालं, दोन झाली, मॅडम घड्याळ बघत होत्या. चार झाली. यजमान उठले, माझ्या आधाराशिवाय गाडीपर्यंत आले, आत बसले, आणि डॅशबोर्डवर हाताचा पंजा पसरून ठेवला. बराच वेळ ठेवला. मग मान न वळवता बायकोला म्हणाले, "चल गं. आता माझ्याकडे काही सबब राहिली नाही." मॅडमनी पटकन तोंड दुसरीकडे केलं.

मग मॅडम गाडीतून उतरून माझ्यापाशी आल्या. म्हणाल्या, "पहाटे येऊन बघायचं, ती नळी, तो थेंब. हे तुम्हाला कुणी शिकवलं?" पोरांना फळ्यापाशी उभं करून विचारावं तसं, सरळ डोळ्यांत बघून. तुमचं नाव माझ्या ओठांवर होतं. मला सांगायला अर्धं मिनिटही लागलं नसतं, आणि त्यांना ऐकायला आवडलंही असतं.

मी म्हटलं, "कुणी नाही मॅडम. अनुभव."

त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि 'शाबास' म्हणाल्या. हे पत्र टाकायला कुठली पेटी नाही, ते या टेबलाच्या खणातच राहील, म्हणून लिहून टाकतो. ती शाबासकी तुमची होती. मी अठ्ठेचाळीस वर्षांचा माणूस, ती अख्खी घेऊन घरी आलो. आणि मला फार छान वाटलं, मिस्त्री. अजूनही वाटतंय.